फोटोमागचं नाव

आजचा एपिसोड तोंडवलीतल्या आमच्या घरातून.

माळ्यावरच्या ट्रंकेत एक जुना फोटो सापडला. पाच माणसं, पण मागे एकही नाव नाही. आजीने चष्मा लावला, एकावर बोट ठेवलं, "ह्यो तुझ्या आजोबांचो भाव. मुंबयक गिरणीत होतो." तिने चौघं ओळखले. पाचवा तिलाही आठवेना. आता आमच्या घरात तो कोण होता, हे सांगणारं कुणीच नाही.

म्हणून आधी नावं. फोटोमागे, कडेला, मऊ पेन्सिलीने हलकेच लिहा. बॉलपेनचा वळ पुढच्या बाजूला उमटतो. आजी बोलत असताना मोबाईलवर रेकॉर्डिंग चालू ठेवा.

दुसरं, लॅमिनेशन नको. उष्णतेने फोटो खराब होऊ शकतो आणि ते प्लास्टिक नंतर नीट निघत नाही. त्यापेक्षा ६०० डीपीआयला स्कॅन करा. आपल्या दमट हवेत बुरशी पटकन धरते, तेव्हा मूळ फोटो घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलची पुडी घालून ठेवा.

तिसरं, कागद. जुन्या दस्तावर 'तालुका मालवण, जिल्हा रत्नागिरी' दिसलं तर गोंधळू नका. सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ला. त्याआधी आपण रत्नागिरीतच होतो. मोडीतला कागद वाचता येत नाही म्हणून फेकू नका, मोडी वाचणारे आजही आहेत.

स्कॅनिंग गणपतीच्या सुट्टीत केलं तरी चालेल. आजीला फोन मात्र आजच लावा.