बखळीची मोजणी

भूकरमापक आले तेव्हा बखळीत निम्मी आळी जमली होती. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली ही जुनी पेठ. वाड्याशेजारची, एरंड आणि घाणेरी माजलेली जागा वाटणीत धाकट्या भावाकडे, म्हणजे अण्णांकडे, आली. तिथे त्यांना दोन मजली घर बांधायचं आहे. शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी त्याच बाजूला उघडते. नगरपालिकेने नकाशा मंजूर केल्याचं कळताच काकूंनी हरकतीचा अर्ज दिला आणि आळीत जो तो वकील झाला.

मोजणीवाल्यांनी वादाच्या भिंतीकडे आधी बघितलंच नाही. सिटी सर्व्हेचा नकाशा पसरून ते न हललेल्या खुणा शोधत राहिले: देवळाचं जोतं, आडाचा कठडा, रस्त्यापलीकडच्या वाड्याचा दगडी कोपरा. मग तिवईवर ईटीएस हे मोजणीयंत्र चढलं आणि मदतनीस प्रिझमची काठी घेऊन कोपऱ्या-कोपऱ्यावर उभा राहू लागला. पूर्वी हेच काम 33 फुटी, सोळा आण्यांच्या साखळीने होई. ती साखळी लांबीला एक आणि रुंदीला एक, की झाला गुंठा, 1089 चौरस फूट. भांडण मात्र वितीचंच असतं.

‘‘अण्णा, तुमचा खड्डा माझ्या हद्दीत आलाय बघा,’’ काकू म्हणाल्या. लाल खुणा पडल्यावर दिसलं ते वेगळंच. पायाचा खड्डा आतच होता. काकूंच्याच छपराची वळचण बखळीवर आली होती. म्हणजे त्यांच्या पागोळ्यांचं पाणी इतकी वर्षं अण्णांच्या जागेत पडत होतं. कुणी काही बोललं नाही. मदतनिसाने तेवढ्यात चहा मागितला.

खरा घोळ पुढे आहे. बांधकाम परवानगी 1966च्या नगररचना कायद्याने, कलम 44खालच्या अर्जावर मिळते. निर्णयावर 40 दिवसांत अपील करता येतं, पण ते अर्जदाराला. शेजाऱ्याला ती वाट नाही. आणि परवानगी मिळाली म्हणून मालकी सिद्ध होत नाही. नगरपालिका सामासिक अंतर बघते, मोजणी खातं नोंदीतली हद्द दाखवतं, मालकीचा आणि वहिवाटीचा निवाडा दिवाणी न्यायालय करतं. काकूंनी तिन्ही गाऱ्हाणी एकाच अर्जात कोंबली होती. तो अर्ज टेबलाटेबलावरून फिरला यात नवल नाही.

खिडकीचं बळ मात्र त्यांच्याकडे असू शकतं. 1882च्या सुखाधिकार कायद्यानुसार उजेड आणि वारा 20 वर्षं बिनअडथळा, हक्काने मिळत आला असेल, तर तो अधिकार ठरतो. अडथळा आल्यापासून दोन वर्षांच्या आत दावा लावावा लागतो. पण ‘नव्या घरातून आमचं स्वयंपाकघर दिसेल’ या तक्रारीला उजेड-वाऱ्याच्या त्या तरतुदीत जागा नाही. वळचणीच्या पाण्यालाही हीच 20 वर्षांची फूटपट्टी लागते, म्हणजे खिडकीसाठी जुने पुरावे काढताना काकूंना पागोळ्यांचेही काढावे लागतील.

माझं मत विचाराल तर चूक अण्णांची जास्त. त्यांनी मोजणी मागवली ती हरकत आल्यावर, पाया खणून झाल्यावर. तुमच्या बाजूला बखळ असेल आणि तिथे बांधायचं मनात असेल, तर नकाशा काढण्याआधी हद्द कायम करून घ्या, आणि त्या दिवशी शेजाऱ्याला नोटिशीवर न सोडता स्वतः जाऊन बोलवा.