जुनी पिकअप विकतांना



आजचा विषय थोडा चमत्कारिक वाटेल. जुन्या काळची पिकअप मोटार, खटपट करून पुन्हा चालती केलेली, आणि शिवाय अमेरिकेंत ज्याला ‘हॉट रॉड’ म्हणतात त्या पद्धतीची बनविलेली. अशी गाडी विकावयाची झाल्यास काय पाहावें, हें आज सांगावयाचें आहे. रत्नागिरींत हा प्रश्न कोणास पडणार, असें कोणी म्हणेल. परंतु जुनी वस्तु टाकून न देण्याची आपली कोंकणी खोड प्रसिद्धच आहे. गाडी मांगरांत उभी राहते, झांवळ्या तिच्यावर पडतात, कोंबड्या हौद्यांत अंडीं घालतात, आणि एके दिवशीं मुंबईचा नातू सुटींत येऊन तिच्यावर पैसा ओतावयास लागतो. पुढें जागा अपुरी पडते किंवा हौस फिटते, आणि विक्रीची गोष्ट निघते.

प्रथम ही गाडी आपल्याकडे आली कशी तें पाहूं. फोर्ड कंपनीनें १९२५ सालीं आपल्या ‘मॉडेल टी’ गाडीस मागें लहानसा हौदा जोडून ती कारखान्यांतूनच विकावयास काढली; किंमत २८१ डॉलर. इकडे मुंबईस शिवडी येथें जनरल मोटर्सनें १९२८ मध्यें कारखाना घातला व शेव्हरोलेटचे सुटे भाग आणून तेथें गाड्या जोडल्या जाऊं लागल्या. पुढें वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर कंपनीनें कुर्ल्यास अमेरिकन क्रायस्लर कंपनीच्या सहकार्यानें डॉज, फार्गो वगैरे वाहनें बाहेर काढलीं. १९५४ च्या सुमारास फोर्ड व जनरल मोटर्स या दोन्ही कंपन्यांनीं येथील काम आवरलें. गाड्या मात्र राहिल्या, आणि सुटे भाग मिळेनासे झाल्यावर आपल्या मिस्त्र्यांनीं त्या अक्कलहुशारीनें जगविल्या. कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर सुरू झाली ती १९९८ सालीं. तोंवर बंदर आणि मोटाररस्ता हेच आमचे आधार, हें लक्षांत घेतलें म्हणजे जुन्या गाडीविषयीं आम्हांस एवढी माया कां, तें कळतें.

आतां हॉट रॉड. फोर्डनें १९३२ सालीं आठ सिलिंडरांचें, सुमारें ६५ अश्वशक्तीचें इंजिन सामान्य माणसाच्या गाडींत बसविलें. कॅलिफोर्नियांतील तरुण मुलें जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तांत घेत, मडगार्ड काढून टाकीत, टप कापून खालीं आणीत, इंजिनाचा जोर वाढवीत, आणि आटलेल्या सरोवरांच्या सपाट तळावर शर्यती लावीत. महायुद्ध संपल्यावर हें वेड इतकें पसरलें कीं १९४८ मध्यें त्याच नांवाचें मासिकही निघालें. येथें एक भेद नीट ध्यानांत घ्यावा. जीर्णोद्धार म्हणजे वस्तु मूळच्या रूपास नेणें. हॉट रॉड म्हणजे मूळचें रूप बुद्ध्या मोडणें. एकाच गाडीवर हे दोन्ही संस्कार पूर्णपणें होऊं शकत नाहींत. तरीही ‘अस्सल जुनी, पूर्ण नूतनीकृत, इंजिन नवें’ अशा जाहिराती लिहिणारे लोक आहेत! त्यांस भाषेचा तास पुन्हा एकदां द्यावा असें मला वाटतें.

हा भेद केवळ शब्दांचा नाहीं. आपल्या कायद्यानें त्यावर बरेंच कांहीं टांगलेलें आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम असें सांगतें कीं, कारखानदारानें ठरविलेला व नोंदणीपुस्तकांत लिहिलेला तपशील पालटेल असा फेरफार मालकानें करूं नये. सर्वोच्च न्यायालयानेंही जानेवारी २०१९ मध्यें हीच दिशा स्पष्ट केली. नियम मोडणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक फेरफारास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. इंजिन बदलावयाचें असल्यास नोंदणी अधिकाऱ्याची मान्यता लागते. म्हणून नातवानें जुनें इंजिन काढून भंगारांत दिलें असेल व नव्याचा क्रमांक पुस्तकांत चढविला नसेल, तर घेणाऱ्याच्या गळ्यांत आपण गाडी नव्हे, खटला बांधीत आहों असें समजावें.

दुसरी बाजू आशादायक आहे. जुलै २०२१ मध्यें केंद्र सरकारनें जुन्या ऐतिहासिक वाहनांसाठीं निराळे नियम केले. पन्नास वर्षांहून जुनें, खासगी वापराचें, मूळ रूपांत राखलेलें दुचाकी किंवा चारचाकी वाहन त्यांत बसतें. चॅसिस, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा ही मुख्य अट. नव्या नोंदणीस वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीस पांच हजार, मुदत दहा वर्षें, आणि क्रमांकांत ‘व्हीए’ हीं अक्षरें. अशी गाडी प्रदर्शनास, मेळाव्यास, इंधन भरावयास वा दुरुस्तीस रस्त्यावर आणतां येते. रोजच्या कामास किंवा धंद्यास नाहीं. म्हणजे ज्यांनीं मडगार्ड कापले त्यांनीं हें दारही आपल्या हातानें लावून घेतलें! पिकअपची आणखी एक अडचण आहे. तिची नोंद मालवाहू म्हणून असेल तर ती ‘खासगी’ या व्याख्येंत कशी बसावी, हें आधीं एमएच-०८ च्या परिवहन कार्यालयांत जाऊन विचारावें, आणि मगच किंमत बोलावी.

आतां गाडीकडे वळूं. आमच्या हवेंत मीठ आहे, पावसाळा चार महिन्यांचा आहे, आणि जांभ्याची धूळ ओलावा धरून ठेवते. गंज दिसतो तेथें थोडा व दिसत नाहीं तेथें फार असतो : पायाखालचा पत्रा, दरवाजांची खालची कड, काचेच्या रबराखालील खांच, चॅसिसचे जोड. रंगाच्या झगमगाटाखालीं लांबी भरून भोंकें बुजविलेलीं असतात. साधें लोहचुंबक कापडांत गुंडाळून पत्र्यावरून फिरवावें. जेथें तें धरत नाहीं तेथें लोखंडाऐवजीं लांबी आहे. हुशार गिऱ्हाईक हें करणारच. तेव्हां विकणाऱ्यानें आधीं आपणच करून पाहिलेलें बरें. इंजिन थंड असतांनाच गिऱ्हाइकासमोर सुरू करावें; आधीं तापवून ठेवलेलें इंजिन जाणत्यास संशयास्पद वाटतें. निळसर धूर म्हणजे तेल जळतें, काळा म्हणजे पेट्रोल अधिक जातें, आणि इंजिन तापल्यावरही न थांबणारा पांढरा धूर म्हणजे पाणी सिलिंडरांत शिरतें.

पण मला अधिक काळजी ब्रेकची वाटते. फोर्ड गाड्यांना १९३९ पर्यंत ब्रेक तेलाच्या दाबावर नव्हते, सळया व तरफांवर चालत. ते त्या काळच्या वेगासाठीं योजलेले. मुलांना शाळेंत शिकविलेलें येथें उपयोगी पडतें : वेग दुप्पट झाला कीं गतीची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते, आणि गाडी थांबवितांना ती सर्व ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेंत जिरावी लागते. जोरदार इंजिन बसवून जुनेच ब्रेक ठेवलेली गाडी सपाट सरोवरावर कदाचित् शोभेल. आंबा घाट उतरतांना तिच्यांत बसलेल्यांचा जीव त्या सळयांवर लोंबकळत असतो. म्हणून ब्रेक, स्टिअरिंग व टायर यांत काय बदललें आणि काय बदललें नाहीं, तें लेखी द्यावें. कामाचीं छायाचित्रें व पावत्या जपून ठेवाव्या. काढलेले मूळ भाग तर मुळींच टाकूं नयेत. हॉट रॉड पुन्हा मूळ रूपांत आणावयाची असेल तर त्या डब्याचें मोल रंगाहून अधिक ठरतें.

राहतां राहिली कागदपत्रें. मालकी बदलल्याचें विकणाऱ्यानें राज्यांतल्या राज्यांत चौदा दिवसांत कळवावयाचें असतें. त्यासाठीं २९ व ३० क्रमांकाचे नमुने आहेत. गिऱ्हाईक परराज्यांतील असेल तर २८ क्रमांकाच्या नमुन्यावर ना-हरकत दाखला घ्यावा लागतो. पुष्कळ गृहस्थ पैसे मोजून घेतात, सह्या केलेले कोरे नमुने हातीं देतात व निश्चिंत होतात. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें असेंच एक प्रकरण आलें होतें. गाडी एकामागून एक अनेक हातीं विकली गेली, पण सरकारी दप्तरीं नांव पहिल्याचेंच राहिलें. अपघात झाला तेव्हां नुकसानभरपाईची जबाबदारी त्या दप्तरांतील मालकावर आली. म्हणून गाडी ताब्यांत देतांना तारीख व घटका घालून पावती करावी, विमा कंपनीस कळवावें, आणि पुस्तकावर नव्या मालकाचें नांव चढल्याचें स्वतः डोळ्यांनीं पाहून यावें.