ब्रेडेड दोरी कापायची कशाने?

देवळाली प्रवरा हे कालव्याच्या पाण्यावरचे, उसाच्या पट्ट्यातले गाव. प्रवरा नदी जवळ आणि राहुरी ओलांडली की बारागाव नांदूरला २६ टीएमसीचे मुळा धरण. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन बाहेर पडणारी हौशी मंडळी या भागात नवी नाहीत. चिलापीसाठी किंवा रोहूसाठी साधा तंगूस पुरतो. पण शेवाळात, पानवेलींत दडणारा मरळ रबरी बेडकावर काढायचा, तर विणलेली म्हणजे ब्रेडेड दोरी बरी पडते. ती ताणली जात नाही आणि झाडोऱ्यातून मासा ओढताना दगा देत नाही. अडचण येते ती गाठ मारून झाल्यावर. नेहमीच्या नेलकटरने ती धड कापलीच जात नाही.

दोरी कात्रीला का जुमानत नाही

तंगूस म्हणजे नायलॉनचा एकच भरीव धागा. पाते त्यात रुतले की तो तुटतो. ब्रेडेड दोरीत बहुधा चार किंवा आठ पेड असतात आणि एकेका पेडात केसाहून बारीक असे पुष्कळ तंतू. हे तंतू पॉलिथिलीनचेच, पण रेणूंच्या अतिशय लांब साखळ्या एकाच दिशेने ओढून बनवलेले. डायनीमा आणि स्पेक्ट्रा ही त्यांची बाजारातली नावे. वजनाच्या मानाने ते पोलादालाही भारी पडतात आणि शिवाय बुळबुळीत असतात.

दोन पात्यांमध्ये जराशी फट असली, तरी अशी दोरी कापली न जाता दुमडून त्या फटीत शिरते. काही तंतू तुटतात, बाकीचे नुसते ओढले जातात आणि टोकाला झिपऱ्या सुटतात. मग ते टोक गळाच्या नेढ्यातून जाता जात नाही. म्हणून हत्यार घेताना आणि सांभाळताना पाहायची गोष्ट एकच: दोन्ही धारा खिळीपासून टोकापर्यंत एकमेकींना घासून सरकतात की नाही.

कोणते हत्यार कितपत चालते

नेलकटर: त्याच्या धारा एकमेकींवरून सरकत नाहीत, समोरासमोर भिडतात. नवा असताना बारीक दोरी कापतो. धार थोडी झिजली की नुसता चिमटा काढतो.

ब्रेडची कात्री: मासेमारीच्या सामानात मिळणारी ही आखूड पात्यांची कात्री. एका पात्यावर बारीक दाते असतात. ते दोरीला धरून ठेवतात, त्यामुळे ती पुढे घसरत नाही. या कामासाठी बनवलेले हत्यार हेच.

शिंप्याचा धागा कटर: स्वस्त आणि हलका. दोरी ताणून धरली तर बारीक ब्रेड सफाईने कापतो. जाड दोरीला मात्र त्याची पाती बाजूला फाकतात.

मेरठची कात्री: मेरठच्या कात्रीला २०१३ साली भौगोलिक मानांकन मिळाले. गाड्यांच्या जुन्या स्प्रिंगच्या पोलादापासून घडवलेली ही कात्री पुन्हा पुन्हा धार लावून वापरता येते. आकाराने लहान निवडावी. गंजते मात्र लवकर.

चाकू: दोरी ताणात असेल तरच कामाचा. सैल दोरीवर चाकू घसरतो आणि बोटावर येतो.

काडी किंवा लायटर: हे तंतू साधारण दीडशे अंश सेल्सियसच्या सुमारास वितळतात. ज्योत त्याहून कितीतरी तापते. कापलेल्या टोकाला बारीक गोळी आणण्यापुरती धग देणारे देतात, पण गाठीजवळ आच गेली की दोरी तिथेच कमजोर होते.

दातांनी तोडणे किंवा हाताला गुंडाळून हिसका देणे तर नकोच. दोरीआधी बोट कापले जाते.

दुकानात पारख कशी करावी

सोबत ब्रेडचा वीतभर तुकडा न्यावा. तो ओला करावा, ताण न देता पात्यांच्या टोकाशी धरावा आणि एकदाच कात्री मिटावी. टोक नीट निघाले तर कात्री ठीक. दुमडून अडकले तर परत ठेवावी. कोरड्या, ताणलेल्या दोरीवर कोणतीही कात्री पास होते, म्हणून ती परीक्षा धरू नये.

मग खीळ पाहावी. कात्री उघडून एक मूठ हातात धरावी आणि दुसरी सोडून द्यावी. ती आपल्या वजनाने थोडी खाली येऊन थांबली तर घट्टपणा बरोबर. धाडकन मिटली तर खीळ सैल, जागची हललीच नाही तर फार आवळलेली. रिव्हेटपेक्षा स्क्रूची खीळ घ्यावी, म्हणजे घरच्या घरी आवळता येते.

कापण्याची रीत

गाठ पाण्याने ओली करून पूर्ण आवळावी. मग गाठीबाहेर उरलेली शेंडी दोन बोटांत ताणून धरावी, पात्यांच्या मुळाशी, खिळीजवळ न्यावी आणि एका दमात कापावी. जोर तिथे सर्वांत जास्त मिळतो. ब्रेडची गाठ घसरू शकते, म्हणून शेंडी अगदी गाठीलगत न कापता तीन-चार मिलिमीटर ठेवावी.

या कात्रीने तार किंवा गळ कापू नये. एकदा जरी कापला, तरी धारेला खाच पडते आणि पुढे दरवेळी दोरी नेमकी त्याच खाचेत अडकते. तारेसाठी वेगळा कटर ठेवावा. बोटात रुतलेल्या गळाची दांडी तोडायलाही तोच लागतो.

देखभाल: वाळू, पाणी, तेल

नदीकाठी कात्रीचा खरा शत्रू वाळू. खिळीत गेलेला एक कण पात्यांना एकमेकींपासून दूर सारतो, मग धार कितीही चांगली असो, फट पडतेच. घरी आल्यावर कात्री उघडून साध्या पाण्याने धुवावी, जुन्या टूथब्रशने खीळ घासावी, कोरडी पुसावी आणि खिळीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब सोडावा. वरचे तेल पुसून टाकावे, नाहीतर ते बोटांवरून आमिषाला लागते. ‘स्टेनलेस’ लिहिलेली कात्रीही ओल्या पिशवीत राहिली की खिळीपासून गंजू लागते.

धार लावताना

धार गेली असे वाटले, तर आधी खीळ आवळून पाहावी. अनेकदा दुखणे तिथेच असते. खरोखर धार गेली असेल, तर साध्या पात्याची बाहेरची उतरती कडाच निसण्यावर घासावी, तीही मूळ उतार राखून. आतला सपाट भाग घासायचा नाही. तिथले पोलाद कमी झाले की दोन पाती कधीच नीट भेटत नाहीत. चाकावर धार लावून देणाऱ्याकडे कात्री दिली, तरी हे आधी सांगावे. बारीक दात्यांचे पाते चाकावर देऊ नये, दाते जातात. काम झाल्यावर पुन्हा ओल्या दोरीची परीक्षा घ्यावी.

कापलेल्या तुकड्यांचे काय

नायलॉनचा तंगूस पाण्यात बुडतो. ब्रेडचे तंतू पाण्याहून हलके, म्हणून तुकडे तरंगत जातात, आणि कुजतही नाहीत. प्रवरेचे पाणी प्रवरासंगमला गोदावरीला मिळून जायकवाडीच्या नाथसागरात जाते. तो १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. पक्ष्याच्या पायात अडकलेली दोरी त्याला सोडवता येत नाही. पाण्यावर आलेल्या गुरांच्या खुरांतही ती गुरफटते. म्हणून सामानाच्या पिशवीत झाकणाची एक रिकामी बाटली ठेवावी आणि प्रत्येक शेंडी तिच्यात टाकावी. लांब गुंता असेल तर आधी त्याचे बोटभर तुकडे करावे आणि बाटली भरली की घरच्या सुक्या कचऱ्यात द्यावी.