सेंद्रिय कापसाचा शिक्का आणि त्याची जबाबदारी

पारोळें तालुक्यांत वेचलेला कापूस जिनांत जातो. तेथें त्याच्या गांठी बांधल्या जातात. पुढें सूतगिरणी, विणकाम, रंगकाम व शिवणकाम असे टप्पे होऊन तो कित्येकदां परदेशच्या दुकानांतही पोंचतो. तेथें विकलेला सदरा खरोखर सेंद्रिय कापसाचा आहे कीं नाहीं, हें कापड पाहून कळत नाहीं. प्रत्येक टप्प्यास मालाबरोबर येणारा दाखला हाच त्याचा पुरावा होय.

हा दाखलाच खोटा निघाला तर? सेंद्रिय कापडाचें जागतिक मानक सांभाळणाऱ्या 'गॉट्स' संस्थेनें २०२० च्या ऑक्टोबरांत जाहीर केलें कीं, भारतांतील सुमारें २०,००० टन कापसाचे सेंद्रिय दाखले बनावट होते. तिनें अकरा कंपन्यांवर बंदी घातली.

कापसांतील लबाडी आपणांस नवी नाहीं. मुंबई इलाख्यांत तिच्याविरुद्ध १८६३ सालींच कायदा झाला होता. पुढें १९२५ च्या कायद्यानें प्रत्येक गांठीवर प्रेसची खूण व अनुक्रमांक घालणें भाग पाडलें. हेतु असा कीं, गांठींत खोट निघाल्यास ती कोणी बांधली हें कळावें.

हाच न्याय आज कपड्यावरील शिक्क्यास लावला पाहिजे. "आम्हांसही खालच्यांनीं फसविलें" एवढें म्हणून मोठ्या कंपनीची सुटका होऊं नये. सेंद्रिय शेतींत बीटी बियाणें चालत नाहीं, आणि देशांतील कापसाचें नऊ-दशांशाहून अधिक क्षेत्र बीटीचें आहे. मग इतका सेंद्रिय कापूस कोणत्या शेतांतून आला, नोंदलेल्या एकरांत तेवढा पिकूं शकतो काय, व शेतकऱ्यास जादा भाव मिळाला काय, हा हिशेब खरेदीदारानें विचारावयास नको काय? १५ ऑक्टोबर २०२४ रोजीं निघालेल्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणें पर्यावरणाचा दावा करणारानें त्याचा पुरावा दिला पाहिजे. फसव्या जाहिरातीस २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानें दहा लाख रुपयांपर्यंत, व पुन्हां केल्यास पन्नास लाखांपर्यंत दंड सांगितला आहे.

लबाडी उघडकीस आली म्हणजे गिऱ्हाइकाचा विश्वास उडतो, आणि जो खरोखर सेंद्रिय पिकवितो त्याचाही भाव जातो. यास्तव शेतकरी बंधूंनीं आपलें नांव, क्षेत्र व विकलेलें वजन गटाच्या वहींत बरोबर आहे कीं नाहीं हें दरवर्षीं पाहावें, प्रत्येक विक्रीची पावती जपून ठेवावी, आणि कोऱ्या कागदावर सही कदापि करूं नये. आपल्या नांवावर न पिकलेला कापूस विकला गेल्यास तो रोखण्याचें साधन प्रथम आपल्याच हातीं आहे.