झरा राखणारा नियम

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरी मे महिन्यात कित्येक वाड्या टँकरकडे डोळे लावून बसतात. जांभा दगड सच्छिद्र, उतार तीव्र, समुद्र जवळ. पाणी थांबत नाही. म्हणून पाण्याचं काम घेऊन येणाऱ्या संस्थेने आराखड्याआधी गावाची देवराई, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, पाहावी. भाताच्या शेतातल्या भाजावळीसाठी इतर रानातून कवळ (पानांच्या फांद्या) तोडली जाते, पातेरा (गळलेला वाळका पाला) गोळा होतो. देवराईतला पातेरा मात्र जागीच कुजतो, माती भुसभुशीत ठेवतो आणि पावसाला मुरायला अवधी देतो. तिथलं झाड तोडायचं तर देवाला कळे लावून परवानगीचा कौल घ्यावा लागतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७६ मध्ये पश्चिम घाटातल्या देवरायांवर शोधनिबंध लिहिला, त्याच्या कितीतरी आधीपासून गावं हे नियम पाळत होती. पाणी मुरवण्याचं हे ज्ञान पुस्तकी माहितीसारखं सुटं काढता येत नाही. ते गावाने मानलेल्या नियमात असतं. नियम गेला की ज्ञानही निरुपयोगी होतं.

यावर पहिला आक्षेप अंधश्रद्धेचा. पण पातेरा पाणी मुरवतो, हे देव न मानणाऱ्यालाही तपासता येतं. उलट केवळ देवाच्या भीतीवर विसंबणं धोक्याचं आहे, कारण देवळाच्या जीर्णोद्धारासाठी त्याच देवाच्या नावाने झाडं तोडली जातात. नियमामागचं कारण नव्या पिढीला पटवून देणं हे समाजकार्यच आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या परंपरागत कारभारात, निर्णयाचा मान वंशपरंपरेने गावकर-मानकऱ्यांकडे असतो. दलितांना आणि बायकांना त्यात फारसं स्थान मिळालं नाही. हा अन्याय परंपरेच्या नावाखाली झाकता कामा नये. मात्र त्यावर उपाय नियम मोडणं हा नसून नियम ठरवणारे वाढवणं हा आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला जैवविविधता व्यवस्थापन समिती दिली, तिच्याकडे लोकांच्या ज्ञानाची नोंदवही सोपवली. त्या समितीत डोक्यावरून पाणी आणणाऱ्या बाईचा शब्द मानकऱ्याच्या शब्दाइतकाच वजनदार ठरला पाहिजे. देवराया लहान आहेत, सगळ्या जिल्ह्याची तहान त्या भागवणार नाहीत, हेही खरंच. पण बंधारा बांधून संस्था निघून जाते, त्याची देखभाल गावालाच करावी लागते. आणि सामाईक गोष्ट सर्वांनी मिळून राखण्याची सवय ज्या गावात आधीच आहे, तिथेच बंधारा टिकण्याची आशा जास्त.