तेलाचा बोळा: करायचा कसा, वापरायचा कसा आणि ठेवायचा कुठं

दिवाळी आली किंवा घरात कार्य निघालं, की आपण भिंतीला रंग देतो, भांडी घासतो, गोधड्या धुतो. लाकडाची पाळी मात्र शेवटी येते. दाराची चौकट खालून भुसभुशीत झालेली असते, पाटाला चिरा गेलेल्या असतात, खुरप्याची मूठ इतकी कोरडी पडलेली असते की निंदताना हाताला कुसळ रुततं. या सगळ्यावर एक स्वस्त उपाय आपल्याकडे पूर्वीपासून आहे, तो म्हणजे लाकडाला तेल पाजणं. त्यासाठी लागणारं हत्यारही घरातच तयार होतं, कापडाचा बोळा. आज आपण या बोळ्याबद्दल बोलू. तो करायला सोपा आहे, वापरायलाही सोपा आहे. काम झाल्यावर तो कुठं ठेवायचा, ही गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही, आणि खरी काळजी तिथंच घ्यावी लागते.

आधी तेलाचं बघू. तेलं ढोबळमानानं दोन जातींची असतात, वाळणारी आणि न वाळणारी. खोबरेल, शेंगदाण्याचं तेल, एरंडेल ही न वाळणारी. ती लाकडात मुरतात, पण ओशटच राहतात. जवसाचं तेल, म्हणजे अळशीचं तेल, हे वाळणारं. ते लाकडाच्या वरच्या थरात शिरतं आणि तिथंच घट्ट होतं, म्हणून लाकूड पाणी लवकर पीत नाही. पेंटच्या दुकानात ते ‘डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल’ या नावानं मिळतं. लिनसीड म्हणजे जवस. हे तेल लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंचे क्षार मिसळलेले असतात. म्हणून ते दार, चौकट, खिडकी, झोपाळा, खुरप्या-कुऱ्हाडीचे दांडे यांच्यासाठी ठीक, पण पोळपाट, लाटणं, रवी, काथवट यांना अजिबात लावायचं नाही. ज्या लाकडाला आपलं अन्न लागतं, त्याला खाण्याचंच तेल हवं. खोबरेल चालेल, पण अगदी थोडं आणि नीट पुसून.

कोकणात होड्यांना आणि घराच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात. लाकूड टिकवायला ते चांगलं, पण कातडीला लागलं की भाजल्यासारखे फोड येतात. ते वापरणाऱ्यांनी हातमोजे घातल्याशिवाय डब्याला हात लावू नये, आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

आता बोळा. ब्रशनं तेल लावलं तर ते जास्त सांडतं आणि वरच राहतं. बोळ्यातून तेल थोडं थोडं सुटतं आणि हाताच्या दाबानं लाकडात शिरतं. बाहेरच्या कापडासाठी जुनी सुती साडी किंवा धोतर घ्या. खूप वेळा धुतलेलं कापड मऊ असतं, त्यात खळ उरलेली नसते आणि धागेही सुटत नाहीत. एक वीत लांब, एक वीत रुंद असा चौकोन कापा. आतल्या भरावाला जुन्या बनियनच्या पट्ट्या घ्या, घडी केल्यावर मोठ्या लिंबाएवढ्या होतील इतक्या. टेरिकॉट, नायलॉन घेऊ नका, ते तेल पीत नाही, नुसतं पसरवतं. भराव मध्यभागी ठेवा, चारी टोकं वर घ्या, पीळ द्या आणि सुती दोऱ्यानं बांधा. रबरबँड लावू नका, तेलानं रबर फुगतं आणि तुटतं. दोऱ्याला सरकगाठ मारा, म्हणजे काम संपलं की एका ओढीत बोळा सुटेल. हे का, ते पुढं सांगते. खालचा भाग सपाट, सुरकुती नसलेला हवा. सुरकुती राहिली तर लाकडावर तेलाच्या रेघा उठतात.

दारासारख्या मोठ्या भागाला मुठीतला बोळा पुरत नाही. मग हाताच्या पंजाएवढा फळीचा तुकडा घ्या, मागे दांडा ठोका, खालून जुन्या सुती चादरीची दुहेरी घडी लावा, त्यावरून सुती कापड ताणून घ्या आणि टोकं दांड्याला बांधा. उंचावरच्या वाशांना, तुळईला दांडा लांब करा, म्हणजे शिडीवर चढून हात ताणावा लागत नाही. नक्षीच्या खाचांत बोळा पोचत नाही, तिथं जुना टूथब्रश घ्या.

लावण्याआधी एक परीक्षा करा. लाकडावर पाण्याचा थेंब ठेवा. थेंब मुरला तर लाकूड तेल पिईल. तसाच उभा राहिला तर वर व्हार्निश किंवा रंग आहे, त्यावर तेल लावून उपयोग नाही, ते नुसतं चिकट होऊन धूळ धरेल. लाकूड कोरडं हवं. पावसाळ्यात किंवा पावसाळा संपल्या संपल्या लावलं, तर आतली ओल अडकते आणि दमट हवेत तेलावर काळी बुरशीही येते. ऊन पडायला लागून लाकूड सुकू द्या. म्हणून दिवाळीनंतरचे कोरडे दिवस चांगले, किंवा पावसाच्या आधीचा उन्हाळा.

पॉलिश पेपरनं लाकडाच्या रेघांच्या दिशेनं घासा, भुसा पुसून घ्या. वाटीत थोडं तेल घ्या, बोळा बुडवा, कडेला दाबून निथळा. मग त्याच रेघांच्या दिशेनं चोळत जा. पंधरा-वीस मिनिटं थांबा आणि कोरड्या कापडानं वरचं सगळं तेल पुसून काढा. पुष्कळ जणी हे पुसणं सोडतात, कारण जास्त तेल म्हणजे जास्त फायदा असं वाटतं. पण लाकडाला हवं तेवढं ते पितं, वर उरलेलं फक्त चिकटतं. दुसरा हात हवा असेल तर पहिला पूर्ण वाळू द्या. त्याला एक-दोन दिवस किंवा जास्तही लागतील.

दाराची खालची कड विसरू नका. लाकूड आडवं कापलेलं असतं तिथं त्याच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. फरशी पुसताना, पावसाचे शिंतोडे उडताना पाणी तिथूनच वर चढतं, म्हणून दार, चौकट खालूनच कुजते. त्या जागी दोन-तीनदा तेल लावा. आणि एक स्पष्ट सांगते, तेलानं वाळवी मरत नाही. वाळवी लागली असेल तर तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागतो.

आता सरकगाठीकडे येते. जवसाचं तेल वाळतं म्हणजे पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेतं आणि घट्ट होतं. हे होताना उष्णता निघते. दारावर पातळ थर असतो, ती उष्णता हवेत निघून जाते, आपल्याला कळतही नाही. पण तेलात भिजलेला बोळा चुरगळून कोपऱ्यात टाकला, तर कापडाच्या घड्यांत हवा असते, तेल असतं आणि उष्णतेला बाहेर जायला वाट नसते. शेणखताच्या ढिगात हात घातला तर आतून गरम लागतं ना? कारण वेगळं आहे, पण ऊब कोंडते ती तशीच. बोळा जितका तापतो तितकं तेल आणखी वेगानं वाळतं आणि आणखी तापतं. काही तासांत कापड धुमसायला लागतं आणि पेट घेतं. काडी नको, ठिणगी नको. खाण्याच्या जवस तेलाचंही असंच होतं.

हे ऐकीव नाही. अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात २३ फेब्रुवारी १९९१ रोजी वन मेरिडियन प्लाझा नावाच्या ३८ मजली इमारतीच्या बाविसाव्या मजल्यावर आग लागली. तिथं लाकडी कामाची साफसफाई चालू होती आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या तशाच ठेवून दिल्या होत्या. ती आग विझवताना अग्निशमन दलाचे तीन जवान गेले. एवढ्या मोठ्या इमारतीला चिंध्यांचा ढीग पुरला. आपल्या घरात तर शिवणकाम करणाऱ्या बाईच्या मशीनखाली चिंध्यांचं पोतं असतं, माळ्यावर गोधड्या असतात, आणि बऱ्याचदा त्याच खोलीत मुलं झोपतात. वापरलेला बोळा सवयीनं त्या पोत्यात गेला, तर काय होईल ते सांगायला नको.

म्हणून काम झालं की लगेच, हात धुण्याच्याही आधी, दोरा ओढून बोळा सोडा. आतल्या पट्ट्या वेगळ्या करा. सगळी कापडं घराबाहेर, सावलीत, वाऱ्यावर, दोरीवर एकेरी पसरा, एकावर एक नको. पुसायला घेतलेलं कापड आणि फळीवरची चादरही तशीच. ती वाळून कडक, पापडासारखी झाली की मगच कचऱ्यात टाका, चुलीत घालू नका. बाहेर जागा नसेल तर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडवून ठेवा. तेल सांडलेल्या जागी टाकलेला लाकडाचा भुसाही असाच तापतो, तोही ढिगात ठेवू नका. पातळ करायला टर्पेंटाइन वापरत असाल तर चूल, गॅस, उदबत्ती सगळं दूर ठेवा. खोबरेलाच्या बोळ्याला स्वतःहून तापायची भीती जवळजवळ नाही, तरी सवय एकच ठेवा, म्हणजे घाईत गोंधळ होत नाही.

शिवणकाम करणाऱ्या गटांना एक सुचवते. सुती कातरण तुमच्याकडे साठतंच. त्याचे बोळे बांधून गावातल्या सुताराला, पॉलिशवाल्याला विकता येतील. पण प्रत्येक पुडक्यात एक चिठ्ठी घाला. त्यावर एवढंच लिहा: ‘जवसाचं तेल लावून झाल्यावर बोळा सोडा. कापड बाहेर एकेरी वाळत घाला किंवा पाण्यात बुडवा. चुरगळून, साठवून ठेवू नका, आपोआप पेटतो.’ ज्यांना वाचता येत नाही त्यांना विकताना तोंडानं सांगा.

आणि घरी तेल लावायचं काम पुरुषांनी केलं, तरी मागचं आवरणं बहुतेक आपल्याच वाट्याला येतं. कोपऱ्यात पडलेला तेलकट बोळा दिसला तर तो कुणाचा हे विचारत बसू नका. आधी सोडा, वाळत घाला, मग बोला.