जुन्या मोटारीचा ताप

घरांत मोटार यावी कीं न यावी, हा वाद आतां फारशा कुटुंबांत होत नाहीं. वाद होतो तो नवी घ्यावी कीं जुनी, एवढाच. वडीलधाऱ्यांना दवाखान्यांत न्यावयाचें असतें, मुलांच्या शिकवण्या असतात, वर्षांतून एकदां कुलदैवताच्या दर्शनास सर्वांनीं मिळून जावयाचें असतें. अशा वेळीं पांच-सहा वर्षें वापरलेली, पण धडधाकट गाडी पुष्कळ कमी किंमतींत मिळत असेल तर ती घेण्यांत कमीपणा मुळींच नाहीं. परंतु अशी गाडी पाहावयास गेलेली मंडळी काय पाहतात? रंग पाहतात, गाद्या पाहतात, गाडी किती किलोमीटर धांवली तो आंकडा पाहतात. फार तर टायरवर एक लाथ मारून पाहतात. जिच्या बिघाडानें गाडी भर घाटांत उभी राहते आणि इंजिन कायमचें जायबंदी होतें, त्या पाण्याच्या व्यवस्थेकडे मात्र क्वचितच कोणाचें लक्ष जातें.

ही व्यवस्था काय करते तें आधीं थोडक्यांत पाहूं. इंधन जाळून जी उष्णता निर्माण होते, तिचा साधारणतः चतुर्थांश ते तृतीयांश भागच गाडी चालविण्याच्या कामीं येतो. उरलेली कांहीं धुरावाटे निघून जाते व कांहीं सिलिंडरच्या भिंतींत उतरते. ह्या भिंतींभोंवतीं पंपाच्या साह्यानें पाणी खेळविलेलें असतें. तापलेलें पाणी पुढच्या जाळीदार रेडिएटरमध्यें जातें, तेथें वाऱ्यानें व पंख्यानें निवतें आणि परत येतें. वाटेंत थर्मोस्टॅट नांवाची एक लहानशी झडप असते. तिच्यांत मेण भरलेलें असतें. पाणी सुमारें ८० ते ९० अंश सेल्सिअस तापलें कीं मेण वितळून फुगतें व झडप उघडते. इंजिन लवकर कामाच्या उष्णतेस यावें, म्हणून तोंवर रेडिएटरकडील वाट बंद ठेवलेली असते.

आतां हें पाणी म्हणजे नुसतें पाणी नव्हे. त्यांत इथिलीन ग्लायकॉल नांवाचा द्रव व गंज न चढूं देणारीं रसायनें मिसळलेलीं असतात. बाजारांत ह्या मिश्रणास कूलंट म्हणतात. निम्में पाणी व निम्मा ग्लायकॉल असेल तर तें साध्या हवेंत सुमारें १०७ अंशांवर उकळतें. शिवाय सर्व व्यवस्था झांकणानें दाबून बंद केलेली असते, त्यामुळें उकळण्याचा अंश आणखी पुष्कळ वर चढतो. स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकर ह्याच तत्त्वावर चालतो. कुकरचें रबर सैल झालें तर डाळ बोटचेपी राहते. येथें झांकणाचें रबर सैल झालें तर पाणी नको तितकें लवकर उकळूं लागतें. शंभर-दोनशें रुपयांचें झांकण बदलून बरी झालेली गाडी पुष्कळांनीं पाहिली असेल. म्हणून झांकणाची परीक्षा सर्वांत आधीं करावी.

ह्या परीक्षेसाठीं इंजिन पूर्ण गार हवें, आणि येथेंच घेणाऱ्याची पहिली कसोटी आहे. विकणाऱ्यास आदल्या दिवशीं स्पष्ट सांगावें कीं, आम्ही सकाळीं येऊं, आम्ही येईपर्यंत गाडी सुरू करूं नका. गेल्यावर प्रथम बॉनेटवर तळहात ठेवावा. तें ऊबदार लागलें तर सौम्यपणें निरोप घ्यावा व पुन्हां यावें. गाडी आधींच तापवून ठेवण्याचें कारण निष्पाप असूं शकेल; पण गार इंजिन जीं सत्यें बोलतें तीं तापलेलें इंजिन बोलत नाहीं. तापलेल्या गाडीचें झांकण तर चुकूनही उघडूं नये. दाबाखालचें पाणी वाफ होऊन तोंडावर उसळतें.

झांकण काढून आंत पाहावें. कूलंट हिरवें, तांबडें, गुलाबी किंवा निळें असें बनविणाऱ्याच्या मर्जीप्रमाणें रंगाचें असतें, पण असावें तें नितळ. तपकिरी, गढूळ पाणी दिसलें तर कोणीतरी बरेच दिवस नळाचें किंवा बोअरचें पाणी ओतीत आलें आहे असें समजावें. पाणी तापविण्याच्या कॉइलवर जी पांढरी खपली धरते तीच रेडिएटरच्या बारीक नळ्यांतून धरते, आणि त्या हळूहळू बुजतात. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर प्रकरण त्याहून गंभीर आहे. आणि पिवळसर गाळ दिसला तर? आमच्याकडील रस्त्यावरच्या कारागिरांत एक जुना उपाय प्रचलित आहे: रेडिएटर गळूं लागला कीं त्यांत हळद टाकावयाची. हळद भोकांत जाऊन बसते व गळती थांबते हें खरें; परंतु जें गळणारें भोक बुजवितें तें न गळणारी नळीही बुजवितें. प्रवासांत अडलेल्या माणसानें हा उपाय केला तर त्यास दोष देतां येणार नाहीं. विकण्याच्या आदल्या रात्रीं केला तर ती फसवणूकच होय. (कूलंट चवीस गोड असतें व तें विषारी आहे. म्हणून त्याचा डबा मुलांच्या व पाळीव जनावरांच्या हातीं-तोंडीं लागणार नाहीं असा ठेवावा.)

"अधूनमधून थोडें पाणी घालावें लागतें, बाकी गाडी उत्तम आहे," हें वाक्य विक्रेते फार सहजपणें उच्चारतात. बंद व्यवस्थेस वरचेवर पाणी लागण्याचें कांहीं कारण नाहीं. तें जात असेल तर कोठें तरी जात आहे. बाहेर जात असेल तर फार चिंता नको: होज पाईपांच्या सांध्यांपाशीं रंगीत पापुद्रा दिसेल, वॉटरपंपाच्या खालच्या बारीक छिद्रापाशीं ओघळ दिसेल, किंवा आंतल्या हीटरची गळती असली तर पुढच्या आसनाखालचा गालिचा ओला व गोडसर वासाचा लागेल. तें आंत, म्हणजे सिलिंडरमध्यें किंवा तेलांत जात असेल तर मात्र हेड गॅस्केट फाटल्याचा संशय घ्यावा. इंजिनाचें डोकें ॲल्युमिनियमचें असतें, धड पुष्कळ वेळां ओतीव लोखंडाचें. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतें. एकदां मर्यादेबाहेर तापलें कीं डोकें वांकतें आणि दोहोंमधील गॅस्केट फाटतें. ही दुरुस्ती स्वस्तांत कधींच होत नाहीं.

ह्याची लक्षणें बरींच ओळखतां येतात. तेल घालण्याच्या झांकणाखालीं ताकाच्या लोण्यासारखा पांढुरका थर दिसतो. मात्र पावसाळ्यांत, किंवा रोज मैल-दीड मैलच फिरणाऱ्या गाडींत, निव्वळ दमटपणानेंही असा थर धरतो, म्हणून तेवढ्यावरून निकाल देऊं नये. डिपस्टिकवरचें तेलच दुधी दिसलें तर मात्र शंका घेण्यास जागा उरत नाहीं. गार इंजिन सुरू केल्यापासून एक-दोन मिनिटांतच, पाणी अद्याप तापलेलें नसतांना, वरचा होज पाईप दगडासारखा टणक झाला तर जळलेला वायु पाण्यांत घुसत आहे असें समजावें. संशय राहिला तर गॅरेजमध्यें निळ्या रंगाच्या द्रवाची एक परीक्षा होते: रेडिएटरमधील हवा त्यांतून ओढतात, आणि तिच्यांत जळलेला वायु असेल तर पेट्रोल गाडींत तो द्रव पिवळा पडतो. ह्या परीक्षेस नकार देणाऱ्या विक्रेत्याशीं पुढें बोलण्यांत अर्थ नाहीं.

दोन लबाड्या विशेष सांगण्यासारख्या आहेत. पहिली, थर्मोस्टॅट काढून टाकणें. बहुतेक गाड्यांत ती झडप वरच्या होज पाईपच्या तोंडाशीं असते. म्हणून इंजिन सुरू झाल्यावर तो पाईप कांहीं मिनिटें गार राहून मग एकदम तापला पाहिजे. पहिल्यापासून हळूहळू कोंबट होत गेला तर झडप गेली आहे किंवा उघडीच अडकली आहे. दुसरी, पंखा सरळ किल्लीशीं जोडणें. एसी बंद असतां व इंजिन गार असतां पंखा फिरूं लागला तर कारण विचारावें. (हात लावतांना पदर, ओढणी व बाह्या सांभाळाव्या, विजेचा पंखा न सांगतां सुरू होतो.)

परिचयांतील एका कुटुंबानें अशीच एक डिझेल गाडी घेतली. शहरांत ती दोन महिने निर्धास्त चालली, कारण थर्मोस्टॅट काढलेला असल्यामुळें पाणी अखंड फिरत होतें व कांटा वर चढत नव्हता. मे महिन्यांत घरचीं सहा माणसें, सामान व एसी घेऊन ती खंबाटकीचा चढ चढूं लागली, तेव्हां बुजलेल्या रेडिएटरचें खरें रूप दिसलें. तांबडा दिवा लागला. "माथ्यावर पोंचूं, मग थांबूं," असें म्हणून आणखी मैलभर रेटली, आणि तेवढ्यांत हेड वांकलें. सत्तरीच्या आजीबाई भर उन्हांत रस्त्याकडेला दीड तास बसून होत्या. दुरुस्तीच्या रकमेमुळें धाकट्या मुलीच्या वसतिगृहाची फी त्या वर्षीं उसनी काढावी लागली. दिवा लागतांच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद केलें असतें तर बहुधा रेडिएटर साफ करण्यावरच भागलें असतें.

कांट्यावरही पुरा विश्वास टाकूं नये. पुष्कळ गाड्यांत तो मुद्दाम मध्यावर स्थिर राहील असा बसविलेला असतो, तर कित्येक लहान गाड्यांत कांटाच नसून केवळ एक दिवा असतो. गेल्या दहा-बारा वर्षांतील गाड्यांना मात्र संगणकाशीं जोडण्याची खुंटी असते. तेथें लहानसें यंत्र लावून मोबाईलवर पाण्याचे खरे अंश वाचतां येतात. त्यांत आदल्याच दिवशीं दोषांच्या नोंदी पुसलेल्या आढळल्या तर त्याचेंही कारण विचारावें.

मग गाडी चालवून पाहावी, ती अर्धा तास तरी. आधीं एसी लावून दहा मिनिटें उभी ठेवावी. उभ्यानें अंश वाढत असतील तर दोष पंख्यांत असण्याचा संभव अधिक. मोठ्या रस्त्यावर वेगांत किंवा चढावर वाढत असतील तर रेडिएटर बुजला आहे, पंप थकला आहे किंवा पाणीच कमी आहे. परत आल्यावर टांकीवरची पातळी जेथें असेल तेथें खडूनें खूण करावी, आणि व्यवहार ठरविण्यापूर्वीं दुसऱ्या दिवशीं सकाळीं, इंजिन पुरतें निवल्यावर, पुन्हां जाऊन पाहावें. गार झाल्यावर पातळी बोटभर उतरणें स्वाभाविक आहे. टांकी तळाशीं गेली असेल तर तें पाणी रात्रींतून कोठें गेलें, हें विकणाऱ्यासच दाखवावयास सांगावें.